ग्रामीण मिडवेस्टमध्ये मुले आणि कुत्रा घेऊन तंबूत राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मध्य-उत्तर भागातील राज्यांत, शिकागो, मिनिॲपोलिस, कोलंबस किंवा डेस मॉइन येथे राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे उन्हाळ्यात तंबू घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतल्या अनेकांच्या गाडीत मागच्या बाजूला कुत्राही असतो. आम्हीही दोन मुले आणि मोती नावाचा आमचा लॅब्रॅडॉर यांच्यासह गेली अनेक वर्षे आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगन या राज्यांत असे राहून आलो आहोत. ओळखीची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘कुत्र्यांना परवानगी आहे’ एवढे वाचून जागा ठरवली तर चालते का?

चालत नाही, आणि बहुतेकांची पहिली सहल नेमकी येथेच फसते. कॅम्पग्राउंडच्या माहितीत लिहिलेल्या परवानगीचा अर्थ एवढाच असतो, की कुत्र्याला तुमच्या तंबूच्या जागेवर आणता येते. पोहण्याचा किनारा, मुलांचे खेळाचे मैदान, स्नानगृहाची इमारत, निसर्गमाहिती केंद्र अशा ज्या ज्या ठिकाणी मुलांना जायचे असते, त्यांतील बहुतेक ठिकाणी कुत्र्याला मज्जाव असतो.

पहिल्या वर्षी आम्ही एका तलावाकाठची जागा केवळ फोटो पाहून घेतली. जुलैचा शनिवार होता. टॉवेल, पोहण्याच्या फुगवलेल्या रिंगा आणि मोती असा लवाजमा घेऊन किनाऱ्याशी पोहोचलो, तेव्हा कुत्र्याच्या चित्रावर काट मारलेली पाटी दिसली. पुढचे तीन दिवस आम्ही दोघे आळीपाळीने मोतीला घेऊन गाड्या लावण्याच्या जागेशेजारच्या एका मेपलखाली बसलो. आई आणि बाबा दोघेही एकाच वेळी पाण्यात, असे मुलांना एकदाही मिळाले नाही, आणि मुलांचा आवाज आला की मोती दोरीला हिसका देऊन उभा राहत असे. नियम योग्यच होता. कुत्रा कोठे चालतो हे आम्ही वाचले होते, कोठे चालत नाही हे वाचायचे राहिले होते.

मग निवड कशी करावी?

आमची पद्धत साधी आहे. घरातले सर्वांत लहान मूल आणि कुत्रा हे दोघे दुपारी २ वाजता कोठे असतील आणि रात्री २ वाजता कोठे असतील, याचे उत्तर देता आले तरच आम्ही पैसे भरतो. दुपारी २ वाजता सावली, पाणी आणि दोघांनाही एकत्र जाता येईल अशी निदान एक पायवाट किंवा पाण्याचा काठ हवा. रात्री २ वाजता मुलाला शौचालयापर्यंत अंधारात किती चालावे लागेल, शेजारच्या तंबूची हालचाल ऐकून कुत्रा किती वेळा भुंकेल आणि वादळ आले तर पक्क्या भिंतींची इमारत किती अंतरावर आहे, हे प्रश्न येतात. या दोन वेळा सांभाळल्या, की सकाळ आणि संध्याकाळ आपोआप चांगली जाते.

राज्य उद्यान, काउंटी पार्क, खासगी कॅम्पग्राउंड यांत आमच्यासाठी कोणते बरे?

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग), म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

राज्य उद्यानांत निसर्ग उत्तम असतो, पायवाटा चांगल्या राखलेल्या असतात आणि बहुतेक पायवाटांवर कुत्र्याला दोरी लावून नेता येते. प्रवेशशुल्काचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. मिसूरी आणि ओहायो येथील राज्य उद्यानांत प्रवेशशुल्क नाही. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि मिशिगन येथे गाडीचा परवाना घ्यावा लागतो, तर विस्कॉन्सिन, मिशिगन व इंडियाना येथे परराज्यातील गाड्यांना तो प्रवेश महाग पडतो. तंबूच्या जागेचे भाडे वेगळेच असते, हे हिशेबात धरावे.

राष्ट्रीय उद्यानांबद्दल नव्याने जाणाऱ्यांची समजूत बहुधा उलटी असते. नाव मोठे म्हणून सोयी जास्त, असे वाटते. पण कुत्र्यासाठी तेथील नियम अनेकदा अधिक कडक असतात. साउथ डकोटातील बॅडलँड्स उद्यानात कुत्रा कॅम्पग्राउंड, रस्ते आणि गाड्या लावण्याच्या जागा येथपर्यंतच जाऊ शकतो, पायवाटांवर त्याला मनाई आहे. सावली जवळजवळ नसलेल्या त्या मुलखात जुलै महिन्यात कुत्र्याला घेऊन जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्करी अभियंता दलाने धरणे बांधून जे जलाशय तयार केले, त्यांच्या काठांवरील कॅम्पग्राउंड आपल्या लोकांना फारसे ठाऊक नसतात. आयोवातील कोरलव्हिल, सेलरव्हिल आणि रेड रॉक, इलिनॉयमधील कार्लाइल आणि शेल्बीव्हिल ही त्यांतील काही नावे आहेत. जागा प्रशस्त, डांबरी वाहनतळ, बहुतेक ठिकाणी वीज आणि गरम पाण्याची स्नानगृहे असा तेथील सर्वसाधारण अनुभव आहे.

माझा स्वतःचा कल मात्र काउंटी पार्ककडे आहे. आयोवातील ९९ काउंट्यांपैकी प्रत्येकीला स्वतःचे संवर्धन मंडळ आहे आणि त्यांतील अनेक मंडळे लहान, स्वच्छ, स्वस्त कॅम्पग्राउंड चालवतात. मक्याच्या शेतांमधून खडीच्या रस्त्याने जावे, वळणावर एक लाकडी पाटी दिसावी आणि आत ओढ्याकाठी वीस-पंचवीस जागा असाव्यात, असे त्यांचे रूप असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर निम्म्या जागा मोकळ्या मिळतात, आणि जो कुत्रा गर्दीत बिथरतो त्याच्यासाठी याहून चांगले ठिकाण नाही. शेतात नुकतेच शेणखत टाकलेले असेल तर वास येतो, एवढे खरे.

खासगी कॅम्पग्राउंडमध्ये पोहण्याचा तलाव, मिनी गोल्फ, मुलांचे कार्यक्रम आणि बरेचदा कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी कुंपण घातलेले आवार असते. केओए आणि जेलीस्टोन पार्क या दोन साखळ्या सर्वांत परिचित आहेत. जेलीस्टोनचे पहिले कॅम्पग्राउंड १९६९ साली विस्कॉन्सिनमधील स्टर्जन बे येथे सुरू झाले. मुले ४ ते १० वर्षांची असतील तर ती येथे खूश असतात. मात्र काही खासगी ठिकाणी विशिष्ट जातींच्या कुत्र्यांना, किंवा दोनपेक्षा अधिक कुत्र्यांना प्रवेश नसतो. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, पिटबुल किंवा यांचा संकर असेल तर आरक्षणापूर्वी फोन करून जात स्पष्ट सांगावी आणि होकार लेखी मागून घ्यावा.

दोरीची लांबी खरोखर कोणी मोजते का?

टेप घेऊन कोणी मोजत नाही. पण लांब, गुंडाळली जाणारी दोरी रेंजरच्या, म्हणजे उद्यानरक्षकाच्या, लगेच नजरेत भरते. मिनेसोटा आणि मिशिगन येथील राज्य उद्यानांत ६ फूट, विस्कॉन्सिनमध्ये ८ फूट आणि राष्ट्रीय उद्यानांत ६ फूट अशी मर्यादा आहे. ६ फुटांची साधी दोरी घेतली, की या सर्व ठिकाणी चालते. नियमापलीकडचे कारणही महत्त्वाचे आहे: लांब दोरी दोन तंबूंच्या ताणदोऱ्यांत किंवा शेकोटीच्या कड्याभोवती अडकते आणि त्याच वेळी एखादे मूल तेथून धावत असते.

काही ठिकाणांची नावे सांगाल का?

विस्कॉन्सिनमध्ये बाराबूजवळचे डेव्हिल्स लेक हे राज्यातील सर्वाधिक गर्दीचे उद्यान आहे, तरीही मुले व कुत्रा अशा कुटुंबाला मी ते सुचवतो, कारण तेथे कुत्र्यांना पाण्यात उतरवण्यासाठी वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. मुलांचा किनारा आणि कुत्र्याचा किनारा एकाच तलावावर असल्यामुळे आळीपाळी करावी लागली तरी ती सोपी जाते. तेथील क्वार्टझाइट खडकाच्या कड्यांवर चढणाऱ्या वाटा उंच पायऱ्यांच्या आहेत, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याला काठालगतच फिरवावे. तलावाच्या पूर्व काठाने रेल्वे जाते. रात्री शिट्टीने दचकणारे मूल असेल तर आधी सांगून ठेवावे. जवळच्याच पारफ्रीज ग्लेन या घळीत कुत्र्यांना मनाई आहे.

मिनेसोटाच्या आग्नेय भागातील व्हाइटवॉटर या उद्यानात डास आश्चर्य वाटावे इतके कमी असतात, कारण तेथे साचलेले पाणी कमी आणि झऱ्यांचे थंड, वाहते पाणी अधिक आहे. लहान बाळ घेऊन पहिल्यांदा तंबूत राहणार असाल तर या एकाच गुणासाठी ते निवडावे. उत्तरेकडे इटास्का येथे मिसिसिपी नदी उगम पावते. गुडघाभर पाण्यातले दगड ओलांडून मुलांनी ती नदी पार केली, ही आठवण आमच्या घरात अजून काढली जाते.

मिशिगनमधील स्लीपिंग बेअर ड्यून्स येथील प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडमध्ये वीज आणि स्नानगृहे आहेत. परंतु ज्यासाठी मुले हट्ट धरतात त्या ड्यून क्लाइम्ब या वाळूच्या प्रचंड उतारावर कुत्रा नेता येत नाही, आणि मॅनिटू बेटांवरही नाही. एका मोठ्या माणसाने खाली थांबण्याची तयारी ठेवावी. ओहायोतील हॉकिंग हिल्स उद्यानाच्या वाटांवर दोरी लावून कुत्रा चालतो, पण त्याच परिसरातील कॉन्कल्स हॉलो हे राज्य निसर्ग राखीव क्षेत्र असल्यामुळे तेथे चालत नाही. एका उद्यानाचा नियम शेजारच्या राखीव क्षेत्राला लागू होत नाही, हे ओहायोत विशेष लक्षात ठेवावे.

नकाशावरून नेमकी कोणती जागा निवडावी?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण माझ्या मते अर्धी सहल येथेच ठरते. शौचालयाच्या अगदी शेजारची जागा सोयीची वाटते. प्रत्यक्षात तेथून रात्रभर लोक विजेऱ्या घेऊन जातात, आणि कुत्रा प्रत्येकाची दखल घेतो. शौचालयापासून चार-पाच जागा पलीकडची, रस्त्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूची आणि मागे झाडी असलेली जागा घ्यावी. दोन्ही बाजूंना शेजारी असण्यापेक्षा एकाच बाजूला असणे कुत्र्यासाठी फार हितकारक ठरते. खेळाच्या मैदानासमोरची जागा टाळावी, कारण मुले चेंडूमागे तुमच्या आवारात धावत येतात आणि बांधलेला कुत्रा बावरतो. जागा नदीच्या काठावर, सखल भागात असेल आणि त्या आठवड्यात पावसाचा अंदाज असेल, तर उंचावरची दुसरी शोधावी.

पोहोचल्यावर तंबू ठोकण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे. २००२ साली डेट्रॉइटजवळ प्रथम सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर या हिरव्या किड्याने मिडवेस्टमधील कोट्यवधी ॲश वृक्ष मारले आहेत, आणि वाळलेल्या ॲशच्या फांद्या वाऱ्याशिवायही तुटून पडतात.

घरून सरपण नेले तर?

नेऊ नये. वर सांगितलेला किडा मुख्यतः लोकांनी गाडीतून वाहून नेलेल्या लाकडामुळेच दूरवर पसरला. विस्कॉन्सिनच्या राज्य उद्यानांत १० मैलांच्या आतले किंवा प्रमाणित केलेले लाकूडच चालते. अन्य राज्यांतही असेच निर्बंध आहेत. उद्यानातच किंवा गावातल्या दुकानात मोळी मिळते.

आरक्षण किती आधी करावे लागते?

विस्कॉन्सिनमध्ये ११ महिने, मिशिगन, ओहायो व इंडियाना येथे ६ महिने, मिनेसोटात १२० दिवस आणि आयोवात ३ महिने आधी आरक्षण खुले होते. कोअरच्या जलाशयांवरील बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर ६ महिने आधी मिळतात. मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार), ४ जुलै (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) आणि लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) यांना जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारच्या चांगल्या जागा आरक्षण खुले होते त्याच दिवशी संपतात. अशा वेळी हिरमुसून जाण्याचे कारण नाही: प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात रद्द झालेल्या जागा रोज थोड्या थोड्या परत येतात, आणि रविवार ते बुधवार असे राहता येत असेल तर निवडीला भरपूर वाव असतो.

४ जुलैबद्दल एक वेगळी विनंती आहे. त्या रात्री आसपासच्या प्रत्येक गावात फटाके उडतात, आणि त्या आवाजाने बिथरलेला कुत्रा गळपट्टा सोडवून पळतो. दिवाळीत आपण ज्याला घराच्या आतल्या खोलीत ठेवतो, त्याला त्या रात्री कापडी तंबूत ठेवू नये.

आम्ही पोहायला किंवा गावात जेवायला जाईपर्यंत कुत्र्याला तंबूत किंवा गाडीत ठेवता येईल का?

नाही. मिनेसोटा आणि मिशिगन यांसह बहुतेक ठिकाणच्या उद्यानांत कुत्र्याला एकटे सोडणे नियमबाह्य आहे. बंद गाडीतले तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे २० अंश फॅरेनहाइटने वाढते, म्हणजे बाहेर ७५ अंशांची सुखद हवा असली तरी आत ९५ होतात. काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. तंबूही उन्हात असाच तापतो. ज्या दिवशी सर्वांनी मिळून कोठे जायचे असेल, त्या दिवसासाठी जवळच्या गावात कुत्रा दिवसभर ठेवून घेणारे पाळणाघर आहे का, हे आधीच शोधावे आणि लसीकरणाचे कागद तेथे अगोदर पाठवून द्यावेत.

गोचिडांची भीती कितपत खरी आहे?

पूर्ण खरी आहे, विशेषतः विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा येथे. लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडाचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि पूर्ण वाढलेले गोचीड तिळाएवढे. भारतात गुरांच्या अंगावर टपोरे दिसणारे गोचीड डोळ्यांसमोर ठेवून शोधाल, तर ते सापडणार नाही. ही पिल्ले मे ते जुलै या काळात सर्वाधिक चावतात.

आमच्या घरी संध्याकाळी शेकोटी पेटवण्यापूर्वी तपासणी होते. मुलांच्या गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानांमागे, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या मुळांशी. मोतीच्या कानांच्या घडीत, गळपट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा: केसांतून उलट्या दिशेने हात फिरवताना तिळासारखे काही अडखळले, तर केस बाजूला करून पाहावे. गोचीड दिसल्यास टोकदार चिमट्याने त्वचेलगत पकडून, न पिरगाळता सरळ वर ओढावे. तेल, काडेपेटी, नखपॉलिश असले उपाय करू नयेत. लाइमचा जंतू शरीरात शिरायला बहुधा २४ तासांहून अधिक वेळ गोचीड चिकटलेले असावे लागते, म्हणून रोजच्या तपासणीला एवढे महत्त्व आहे. घरी परतल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर १० मिनिटे फिरवले, की त्यांतली गोचिडे मरतात.

कुत्र्यासाठी गोचीड-प्रतिबंधक औषध आणि लाइमची लस यांबाबत पशुवैद्याशी सहलीच्या निदान महिनाभर आधी बोलावे. माणसांसाठीचे डीईईटी असलेले कीटक-प्रतिबंधक औषध कुत्र्याला कधीही लावू नये, आणि २ महिन्यांखालील बाळालाही नाही.

पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पानांची वनस्पतीही येथेच सांगून ठेवतो. कुत्र्याला तिचा सहसा त्रास होत नाही, परंतु तिचे तेल त्याच्या केसांना लागते आणि त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातांवर पुरळ उठते. वाटेच्या मधोमध चालणे हाच उपाय.

कुत्र्याने तलावाचे पाणी प्यायले तर?

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून पुढे, हा प्रश्न सर्वांत गंभीर होतो. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे मिडवेस्टमधील तलावांत निळे-हिरवे शेवाळ माजते. शेवाळ म्हटले जात असले तरी ते खरे पाहता जिवाणू आहेत, आणि त्यांतील काहींचे विष यकृतावर, काहींचे मज्जासंस्थेवर परिणाम करते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला, पाणी वाटाण्याच्या दाट सारासारखे झाले असेल किंवा काठाशी फेसाळ साय जमली असेल, तर कुत्रा आणि मुले दोघांनाही दूर ठेवावे. पाण्याकडे पाहून विष आहे की नाही हे ओळखता येत नाही, म्हणून शंका आली तरी उतरू नये. कुत्रा उतरलाच, तर त्याने अंग चाटण्यापूर्वी त्याला नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवावे. ओकारी, झोकांड्या, लाळ गळणे, झटके यांपैकी काहीही दिसल्यास थांबून पाहण्यात वेळ न घालवता तडक पशुवैद्याकडे न्यावे. या कारणासाठी आम्ही निघण्यापूर्वीच सर्वांत जवळच्या चोवीस तास उघड्या पशुरुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून घेतो; ग्रामीण भागात ते तासाभराच्या अंतरावर असू शकते आणि फोनला रेंज नसते.

वादळाचा इशारा आला तर तंबूत थांबावे का?

थांबू नये. येथील हवामान खात्याच्या भाषेत ‘वॉच’ म्हणजे वादळाला अनुकूल परिस्थिती आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ प्रत्यक्ष दिसले आहे किंवा रडारवर आले आहे. वॉच जाहीर होताच आम्ही बूट, विजेऱ्या, कुत्र्याची दोरी हाताशी ठेवतो; वॉर्निंग आली, की वाद न घालता पक्क्या इमारतीत जातो. पुष्कळ ठिकाणी स्नानगृहाची काँक्रीटची इमारतच वादळातला निवारा असते, म्हणून नोंदणी करतानाच तो कोठे आहे हे विचारावे. अशा वेळी कुत्र्यालाही सोबत घ्यावे.

परगावच्या माणसाची एक अडचण येथे हमखास होते. रेडिओवरचे इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात, आणि आपण कोणत्या काउंटीत आहोत हेच आपल्याला ठाऊक नसते. उद्यानाच्या आणि त्याच्या पश्चिमेकडील काउंटीचे नाव एका चिठ्ठीवर लिहून गाडीत चिकटवावे, कारण वादळे बहुधा पश्चिमेकडूनच येतात. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवावरून गेलेल्या डेरेको, म्हणजे सरळ झोडपत जाणाऱ्या वाऱ्यांच्या, वादळाने भरदिवसा मोठमोठे वृक्ष मुळासकट लोळवले. तेव्हापासून या तयारीला मी अतिसावधपणा मानत नाही. गडगडाट थांबल्यावरही पुढची ३० मिनिटे आतच राहावे.

भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर?

त्यांना जमिनीवर झोपवण्याचा हट्ट धरू नये. अनेक उद्यानांत पलंग आणि वीज असलेल्या लहान लाकडी केबिन मिळतात. मात्र अशा केबिनमध्ये कुत्र्याला सर्रास परवानगी नसते, आणि काही ठिकाणी ठराविक केबिनच त्यासाठी राखलेल्या असतात. आमच्याकडे आजी-आजोबा केबिनमध्ये आणि आम्ही कुत्र्यासह शेजारच्या तंबूत, अशी वाटणी झाली होती. सासऱ्यांना पहाटे चहा लागतो, म्हणून विजेची किटली चालेल अशी जागा घेतली, आणि त्या एका किटलीने सर्वांची सकाळ सुखाची केली. वाहत्या पाण्याचे शौचालय आणि नुसता खड्डा असलेले शौचालय यांतील फरक नकाशावर वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेला असतो. ज्येष्ठांसाठी तो आधी पाहावा.

आपल्या खाण्यातले कुत्र्याला काय चालत नाही?

मुले हातातले खाली सांडतात आणि कुत्रा तेथे तयारच असतो, त्यामुळे हा प्रश्न घरापेक्षा तंबूत अधिक महत्त्वाचा ठरतो. बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती प्रमाण धोक्याचे याचा भरवसा नाही. सहलीला निघताना आपण हौसेने करतो तो शिरा, चिवडा आणि लाडू यांत बेदाणे असतातच. आम्ही आता ते घालतच नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा फोडणीतले, कुत्र्याच्या रक्ताला अपाय करतात, म्हणून उरलेली भाजी किंवा कांदेपोहे त्याच्या ताटलीत टाकू नयेत. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले च्युइंगगम हेही तितकेच घातक आहेत. साधा दहीभात त्याला चालतो.

रात्री सर्व खाणे, कुत्र्याच्या खाद्यासह, गाडीत बंद करावे. रकून थंडपेटीची कडी सहज उघडतो, आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा व मिशिगन यांच्या उत्तर भागांत काळी अस्वलेही आहेत.

कुत्रा रात्री भुंकला तर लोक काय म्हणतात?

पहिल्या दोन वेळा काही म्हणत नाहीत. शांततेची वेळ बहुधा रात्री १० किंवा ११ पासून असते, आणि त्यानंतरही भुंकणे चालू राहिले तर रेंजर येऊन सांगतो. कुत्र्याला बाहेर बांधून न ठेवता तंबूत, माणसांच्या मध्ये झोपवावे. घरची, त्याच्या वासाची चादर बरोबर न्यावी. सहलीपूर्वी मागच्या अंगणात एक रात्र तंबू ठोकून सगळ्यांनी झोपून पाहावे. अंगण नसेल, तर पहिली सहल दीड-दोन तासांच्या अंतरावरची आणि एकाच रात्रीची ठरवावी, म्हणजे मध्यरात्री घरी परत फिरण्याचा मार्ग मोकळा राहतो.

कोणता महिना सर्वांत चांगला?

माझे मत विचाराल तर सप्टेंबर. शाळा सुरू झालेल्या असतात, म्हणून फक्त शनिवार-रविवार मिळतात; पण डास ओसरलेले, रात्री गार आणि जागा मोकळ्या असतात. जून हिरवागार असला तरी गोचिडांचा, आणि जुलैचा उत्तरार्ध उकाड्याचा. ऑगस्टच्या सुमारास गवताला कुसळे धरतात आणि ती कुत्र्याच्या पंजांत व कानांत शिरतात, म्हणून माळरानातून फिरून आल्यावर पंजे तपासावेत. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग पाहण्यासारखे असतात, मात्र थंडीने नळ फुटू नयेत म्हणून अनेक उद्यानांत त्या महिन्यात पाणी बंद करतात. शिकारीच्या हंगामात कुत्र्याला भडक नारिंगी जाकीट घालावे.

कुत्र्याचे कोणते कागद लागतात, आणि तो हरवला तर काय करावे?

रेबीजच्या लशीचा दाखला नेहमी बरोबर ठेवावा. खासगी कॅम्पग्राउंड आणि पाळणाघरे तो पाहतात, आणि कुत्र्याने कोणाला ओरखडले तरी तोच प्रथम मागितला जातो. मायक्रोचिप बसवलेली असेल, तर तिच्या नोंदीत सध्याचा फोन नंबर आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे.

हरवल्यास आधी कॅम्पग्राउंडच्या कार्यालयाला आणि नंतर काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयाला कळवावे. घाबरलेला कुत्रा हाका मारत मागे धावणाऱ्यापासून आणखी लांब जातो. त्यामुळे घरातल्या एकाने तंबूपाशी, त्याची चादर आणि पाण्याचे भांडे मांडून, शांत बसून राहावे. मोती एकदा हरणामागे गेला, तेव्हा अडीच तासांनी याच चादरीवर येऊन बसला. गळ्यातल्या बिल्ल्यावर आमच्या घरचा पत्ता होता, पण तो तेथून २०० मैल दूर होता. आता मुक्कामाला पोहोचलो, की धाकटी मुलगी पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर उद्यानाचे नाव, जागेचा क्रमांक आणि फोन नंबर लिहून ती त्याच्या गळपट्ट्याभोवती गुंडाळते, आणि ते झाल्याशिवाय त्याला गाडीतून खाली उतरवत नाही.